१९५६ ची 'मेड इन इंग्लंड' बुलेट म्हणतायत, खरी आहे का कसं ओळखायचं?

पलूसकर_३५०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पलूसचा, नोकरी किर्लोस्करवाडीला. आमच्या आज्ज्याची बुलेट होती, आत्याच्या लग्नात विकली. मी तेव्हा तिसरीत होतो. गाडी न्यायला आलेल्या माणसानं किक मारली तसा आज्जा उठून गोठ्यात जाऊन बसला, ते मला आजपण डोळ्यापुढं दिसतंय. तेव्हापासनं डोक्यात आहे की एकदा जुनी बुलेट घ्यायची. जुनीच, नवी नको.

आता भिलवडीच्या बाजूला एका गावात एक गाडी निघालीय, गेल्या रविवारी बघून आलो. मालक म्हणतात १९५६ ची आहे, मेड इन इंग्लंड, मिलिटरीतनं आलेली. किंमत ३ लाख ८० हजार, कमी होणार नाही म्हणाले, पुण्याच्या पार्टीनं चार सांगितलेत म्हणे. काळी गाडी, टाकीवर सोनेरी रेघा, मागच्याच वर्षी पूर्ण काम केलंय, इतकी चमकते की आधी कुठं बघावं तेच कळेना. चौथ्या किकला उठली आणि आवाज ऐकल्यावर मी तिथंच घेतली असती पण बायको बरोबर होती, ती म्हणाली आधी चार जाणत्या माणसांना विचारा.

मला काय काय दिसलं ते सांगतो, आठवेल तसं लिहितोय. नंबर एमएच १० चा. आरसी स्मार्ट कार्डवाली, त्यावर बनवल्याचं साल १९५६ स्पष्ट छापलंय. जुनं पुस्तक २०१९ च्या महापुरात गेलं म्हणतात, आणि भिलवडीला तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय त्यामुळं खोटं म्हणायला मन होत नाही. टाकीवर रॉयल एनफील्डचा बॅज. स्पीडोमीटर किलोमीटरचा. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, आणि न्यूट्रलला आणायचं ते वेगळं छोटं लिव्हर पण आहे. ठिणगीची वेळ धरणारा पॉइंटचा डबा बॅरलच्या (सिलिंडरच्या) मागं, त्याच्यावर लुकास टीव्हीएस लिहिलंय. इंजिन नंबर वाचता येतो. चेसिस नंबर मात्र रंगाखाली इतका बुजलाय की शेवटचे दोन आकडेच लागले. मालकानं पाने काढून दाखवले, म्हणाले बघा मिलीमीटरचा एक पाना बसत नाही, सगळे इंची, मग इंग्लंडचीच की.

साडेतीन वर्ष साठवलेले पैसे आहेत. इंग्लंडची असेल तर देईन, पण ती खरंच इंग्लंडची आहे हे ओळखायचं कसं? इंजिन नंबर इथं टाकू का?

———

अजिंक्यतारा_रायडर

भावा आधी नशीबवान आहेस. माझं मत विचारशील तर यवतेश्वरच्या घाटानं कासपर्यंत चढवून बघ. वरपर्यंत दम धरला, धूर केला नाही, इंजिनात टकटक आली नाही तर घेऊन टाक. आता अशा गाड्या निघत नाहीत, चार दिवस विचार करत बसलास की कोणतरी टेम्पोत घालून नेतंय. माझ्याबरोबर झालंय म्हणून सांगतोय.

———

मिरजेचा_मिस्त्री

पहिली गोष्ट, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर पूर्ण कुठंच टाकू नकोस बाळा. लोक दुसऱ्याच्या चांगल्या गाडीचा नंबर उचलून भंगारातल्या गाडीवर ठोकतात. फोटो टाकलास तरी मधले आकडे झाकून टाक.

घाटात चढवून इंजिनाची तब्येत कळते रायडर, गाडी कुठली आणि कधीची ते कळत नाही. बोअर करून नवीन पिस्टन टाकला की कुठलीपण बुलेट कासला जाईल. तो प्रश्नच वेगळा आहे.

मी चौतीस वर्ष हेच काम करतोय, आधी वडिलांच्या हाताखाली आणि मग स्वतःचं, त्यामुळं जे हातानं बघितलंय ते सांगतो. तू जी यादी दिलीयस ती मी तीन वेळा वाचली आणि मला तुझी गाडी वाईट वाटत नाही, मला ते साल वाईट वाटतंय. आता का ते सांगतो.

पाने व्हिटवर्थचे, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या इंची मापाचे, बसतात म्हणून विलायती, हे डोक्यातनं काढून टाक. मद्रासला बनलेल्या जुन्या बुलेटलापण तेच पाने लागतात, कारण इंग्लंडच्याच ड्रॉइंगवरनं आणि तिकडनंच आलेल्या साच्यांवर त्या बनल्या. उजव्या पायाचा गियर, न्यूट्रल फाइंडर, हेडलाईटच्या शेजारचे दोन छोटे दिवे म्हणजे वाघडोळे, चेनकेसचा एकच मधला नट, हे सगळं दोन्हीकडं सारखंच. म्हणून तर विलायती म्हणून खपवायला बुलेट सगळ्यात सोपी. जी गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे तिच्यावरनं काहीच सिद्ध होत नाही.

आता जे सारखं नाही ते बघ. लुकास टीव्हीएस ही कंपनीच १९६१ ला सुरू झाली. म्हणजे १९५६ च्या गाडीवर तो डबा फॅक्टरीतनं बसून येणं शक्यच नाही. शिवाय पन्नासच्या दशकातल्या इंग्लंडच्या बुलेटला ठिणगी मॅग्नेटोवर होती, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच वीज बनवणाऱ्या यंत्रावर, हा पॉइंटचा डबा आणि बॅटरी कॉइल हा नंतरचा कारभार. स्पीडोमीटरचंपण तेच. आपल्याकडं मेट्रिकचा कायदा १९५६ च्या शेवटी झाला आणि लागू व्हायला पुढं अजून काही वर्ष गेली, तोवर मैलच होते. १९५६ च्या बुलेटवर स्मिथ्सचा मैलाचा मीटर पाहिजे. किलोमीटरचा आहे म्हणजे एकतर बदललाय नाहीतर गाडी त्या सालची नाही.

एखादा पार्ट बदललेला असतो, त्यात काही नाही, साठ-सत्तर वर्षात काय काय बदलणार नाही? पण दोन-तीन पार्ट वेगवेगळे असून जेव्हा एकाच सालाकडं बोट दाखवायला लागतात तेव्हा मी कागद बाजूला ठेवतो आणि पार्टचं ऐकतो.

टाकीवरच्या बॅजचं म्हणशील तर तो नवीन चिकटवलेला असणार. इंग्लंडची कंपनी बंद पडल्यावर मद्रासच्या गाड्यांवर बरीच वर्ष नुसतं एनफील्ड यायचं, रॉयल परत नव्वदीत आलं. बॅज शंभर-दोनशेला मिळतो, त्यावरनं काही ठरवू नको. रेघा मात्र नीट बघ. हातानं मारलेली रेघ जवळनं बघितली की सुरुवातीला आणि शेवटी जाडीत फरक पडतो. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात त्या हातानंच मारायचे. एकदम एकसारखी रेघ असेल तर स्टिकरवर लॅकर मारलंय.

आणि मिलिटरीची असेल तर हिरवा रंग कुठंतरी राहतोच. टाकीच्या बुडाला, टूलबॉक्सच्या आत, मडगार्डच्या आतल्या वळणात. पावडर कोटिंगवाले सगळं घासतात पण तिथं कुणाचा हात जात नाही.

———

पलूसकर_३५०

मिस्त्री काका, वाचून पोटात गोळा आला. म्हणजे मालक फसवतायत का? माणूस तसा वाटत नाही हो. चहा दिला, त्यांच्या वडलांचा गाडीवरचा फोटो दाखवला, बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

आणि चेसिस नंबर रंगाखाली आहे त्याचं काय करू? खरवडायला परवानगी मागितली तर चिडतील का?

———

मिरजेचा_मिस्त्री

मी फसवतात असं म्हटलं नाही. निम्म्या मालकांना त्यांच्या गाडीबद्दल जे वाटतं ते त्यांना आधीच्या मालकानं सांगितलेलं असतं, आणि त्याला त्याच्या आधीच्यानं.

चेसिस नंबर हँडलच्या मानेवर असतो, कोनसेट बसतो तिथं. खरवडू नको, रंग काढायचं लिक्विड मिळतं ते कापसावर घेऊन तेवढ्याच जागेला लाव, दहा मिनिटं थांब, मऊ कापडानं पूस. वायर ब्रश नाही, पॉलिश पेपर तर अजिबात नाही. खरा माणूस असेल तर चिडणार नाही, उलट त्यालापण बघायचं असतं. मग दिवस मावळल्यावर बॅटरी तिरकी धरून बघ. उजेड समोरनं मारलास तर सगळे नंबर खरेच दिसतात. तिरक्या उजेडात ग्राइंडरचे ओरखडे दिसतात, जागा आजूबाजूपेक्षा खोलगट किंवा जास्त गुळगुळीत वाटते, आणि नशीब असेल तर खालच्या जुन्या आकड्याची सावली दिसते. आकड्यांची खोली बघ, ओळ बघ. नंतर घरी ठोकलेल्याचा एखादा आकडा तिरका बसतोच आणि कडेला धातू वर आलेला असतो.

मग त्यावर सेलोटेप लाव, वरनं पेन्सिल घास, ठसा काढून वहीत चिकटव. इंजिनचापण तसाच, डाव्या हाताला क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या डब्यावर, बॅरलच्या खाली. क्रँककेसच्या दोन्ही अर्ध्यांची धातूची झाक एकसारखी आहे का ते बघ, एक अर्धा बदललेला असला की रंगात कळतं.

एक लोहचुंबकपण ने, टाकीवर फिरव. कुठं पकड सुटली की खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय.

———

कोयनाकाठ_कराड

मिस्त्रींनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण माझं निम्मं आयुष्य याच कागदांच्या मागं गेलंय.

स्मार्ट कार्डावर छापलेलं साल हा पुरावा नाही, ती नक्कल आहे. आरटीओच्या कुठल्यातरी जुन्या वहीतनं कुणीतरी बघून कम्प्युटरवर चढवलेलं असतं. खरी गोष्ट त्या वहीत. तिचा उतारा काढायचा, बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात त्याला. मालकाच्या सहीनं अर्ज द्यायचा, फी भरायची. त्यात पहिली नोंदणी कधी, कुठं, कुणाच्या नावावर, इंजिन-चेसिस नंबर काय, मधे कुणाकुणाच्या नावावर फिरली, कर्जाचा बोजा होता का, सगळं येतं. जुन्या गाडीचा उतारा मिळायला वेळ लागतो, चार खेपा होतील, पण त्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

दुसरं. एमएच १० हा नंबर ही पद्धत १९८९ पासनंची. त्याच्या आधीची गाडी असेल तर तिला आधी जुना तीन अक्षरी नंबर असणारच, मग तो का बदलला, कधी बदलला? परराज्यातनं आली? लिलावातनं आली? तो जुना नंबर मालकाला विचार. फोटोत वडील गाडीवर बसलेत म्हणालास ना, फोटोत नंबर प्लेट दिसते का ते बघितलंस का?? सगळ्यात आधी ते बघ.

तिसरं, गाडी खरंच १९५६ ला इकडंच नोंदवलेली असेल तर कागदावर सांगली जिल्हा येऊच शकत नाही. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली हे नाव १९६० ला आलं. अशा बारीक गोष्टी खोटं करणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. मी एक "१९५७ चं मूळ पुस्तक" बघितलंय ज्याच्यावर महाराष्ट्र शासनाचा शिक्का होता, १ मे १९६० च्या आधी महाराष्ट्र कुठं होता?

मिलिटरीची असेल तर लिलावात सोडल्याचा कागद असतो, आणि नागरी नोंदणी लिलावानंतरची असते, म्हणजे बनल्याचं साल आणि नोंदणीचं साल यात अंतर पडतं. त्याचा पुढं फरक पडतो, कारण व्हिंटेजचा नियम पहिल्या नोंदणीपासनं मोजतो. जुलै २०२१ च्या त्या नियमाप्रमाणं पहिल्या नोंदणीला ५० वर्ष झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज धरतात, पण मूळ रूपात पाहिजे, चेसिस आणि इंजिनात मोठा बदल केलेला नको. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, परत करायची झाली तर ५,०००, मुदत १० वर्ष, आणि नवीन नंबर घेतला तर त्यात व्हीए अशी अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. तुला किर्लोस्करवाडीला ड्यूटीला घेऊन जायची असेल तर त्या भानगडीत पडू नको, साधी आरसी पाच-पाच वर्षांनी पुढं वाढवत राहा.

चोरीची नाही ना ते पण बघून घे, पोलिसांच्या ऑनलाईन पोर्टलवर इंजिन-चेसिस नंबर घातला की कळतं.

———

फलटणचा_अभि

मला एक सांगा, गाडी चालवायला घेतोय की कपाटात ठेवायला? १९५६ असो नाहीतर १९८६, आवाज तोच आहे. इतकं खोदत बसलं तर कुणीच जुनी गाडी घेणार नाही. आवडलीय ना, भाव करून घेऊन टाका. मिस्त्री पैसे काढायला सांगतात तसं सांगतायत असं वाटतंय मला.

———

वाईचा_घाट

अभि, तुझं मन मला कळतं, मीपण अगदी हेच म्हणायचो.

मी जावा घेतली होती, १९६८ ची म्हणून. मरून रंग, टाकीला दोन्ही बाजूला क्रोम, एकाच लिव्हरची किक आणि गियर, दोन सायलेन्सर, बघितल्यावर कुणीपण खुळा होईल. पैसे दिले, आठ महिने चालवली, पाचगणीला गेलो, महाबळेश्वरला गेलो. नंतर नावावर करायला गेलो तेव्हा तपासणीत चेसिस नंबर परत पंच केलेला निघाला. खाली दुसरा नंबर होता. गाडी येझदी होती. म्हैसूरच्या त्याच कारखान्यातली, पण १९७३ पासनं त्यांनी जावा नाव सोडून येझदी लावलं, त्यानंतरची. टाकी जावाची चढवलेली आणि नंबर कुठल्यातरी मेलेल्या जावाचा. गाडी तिथंच ठेवून घेतली. चौकशी, जबाब, मी काही केलेलं नाही हे सिद्ध करण्यात दीड वर्ष गेलं. विकणाऱ्याचा फोन बंद. माझी आई दर वेळी पोलीस स्टेशनचा फोन आला की देवापुढं बसायची.

येझदी वाईट गाडी आहे का, मुळीच नाही. येझदी म्हणून विकली असती तर मी आनंदानं घेतली असती आणि आज ती माझ्या दारात उभी असती. नंबर खोटा निघाला की चांगली गाडीपण हातातनं जाते, आणि जाताना तुम्हालापण बरोबर ओढून नेते. म्हणून पलूसकर, मिस्त्री आणि कराडचे काका सांगतायत ते सगळं कर. एकपण पायरी सोडू नको. टोकन म्हणूनसुद्धा काही देऊ नको.

———

फलटणचा_अभि

माफ करा दादा, मला हे माहीत नव्हतं. मिस्त्री काका तुमचीपण माफी मागतो.

———

मिरजेचा_मिस्त्री

अरे माफी कसली, तू पोरगा आहेस.

पलूसकर, मी रविवारी मोकळा आहे. मिरजेहून भिलवडी काही लांब नाही. पैसे नकोत, मला गाडी बघायचीय. खरंच १९५६ ची असली तर मला आयुष्यात परत बघायला मिळणार नाही. त्या साली तिरुवोत्तियूरचा कारखाना सुरू झाला, इंग्लंडनं सुट्टे भाग पाठवायचे आणि इथं जोडायचे, वर्षअखेरपर्यंत सगळ्या मिळून १६३ बुलेट निघाल्या. त्यातली एक भिलवडीत असेल तर मी चालत येईन. पूर्ण इथं बनायला लागल्या त्या १९६२ च्या सुमाराला. आणि अगदी इंग्लंडातल्या रेडिचच्या मूळ कारखान्याचीच निघाली तर इंग्लंडात त्यांचा जो जुना ओनर्स क्लब आहे त्यांच्याकडं रेडिच कारखान्याची रवानगीची रजिस्टरं आहेत, नंबर कळवला की कुठल्या तारखेला कुठं पाठवली ते सांगतात.

———

पलूसकर_३५०

मंडळी, पाच आठवडे झाले, उशीर झाला कारण उताऱ्याला वेळ लागला. सगळं सविस्तर लिहितो.

मिस्त्री काका आले. आल्या आल्या गाडीकडं गेलेच नाहीत, आधी मालकाच्या आईच्या पाया पडले, मग म्हणाले फोटो दाखवा. फोटोत आज्जींचे यजमान गाडीवर, मागं ऊस, आणि पुढच्या मडगार्डवरची प्लेट अर्धी दिसते, त्यात जुना तीन अक्षरी नंबर! कराडचे काका, तुम्ही म्हणालात तेच. आज्जी म्हणाल्या तो नंबर होता आमचा, नंतर बदलला. का बदलला ते त्यांना सांगता येईना.

मग रंग काढायचं लिक्विड लावलं. मालक स्वतः बॅटरी धरून उभे होते, चिडले वगैरे काही नाहीत, उलट त्यांच्या पोरालापण बोलवून दाखवलं. रंगाचे तीन थर निघाले, वरचा नवीन काळा, खाली लाल प्रायमर, त्याच्या खाली मूळ काळा. हिरवा कुठंच नाही, टाकीच्या बुडाला नाही, टूलबॉक्समधे नाही. नंबर निघाला, स्वच्छ, एका ओळीत, कुठं ग्राइंडर नाही की खड्डा नाही. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, अंगठा फिरवत बसले त्या आकड्यांवरनं. मग म्हणाले, "ह्याला कुणी हात लावलेला नाही." इंजिनचापण ठसा घेतला. क्रँककेसचे दोन्ही अर्धे एकाच झाकेचे. चुंबक टाकीच्या उजव्या बाजूला एका ठिकाणी सुटला, तळहाताएवढी लांबी आहे. पुढचं चाक नंतरच्या गाडीचं आहे म्हणाले. हेडलाईटच्या आत आणि चेनकेसच्या कडेला गाळ निघाला, पुराचा, बारीक चिकणमाती, काम करताना कुणी आत साफच केलं नव्हतं. म्हणजे पुराचं खरं होतं.

नंतर उताऱ्यासाठी अर्ज दिला. परवा मिळाला. पहिली नोंदणी १९६६.

हातानं लिहिलेलं आहे आणि पहिल्या ६ चं पोट असं उघडं राहिलंय की घाईत बघितलं तर ५ वाटतो, कुठंतरी पुढं उतरवताना ६६ चं ५६ झालं आणि मग तेच छापत गेले. इंजिन आणि चेसिस नंबर दोन्ही आमच्या पेन्सिलच्या ठशाशी आकडा न आकडा जुळले. पहिला मालक माधवनगरचा, मधे एक मालक, मग १९८८ ला यांच्या वडलांनी घेतली. मिलिटरीचा कुठंच उल्लेख नाही. पहिला मालक फौजेतनं रिटायर झालेला होता असं आज्जींनी सांगितलं, मला वाटतं त्यावरनंच गाडी मिलिटरीची झाली असणार.

आणि काका तुम्ही पहिल्या दिवशी जे म्हणाला होता ते मला आता कळलं. लुकास टीव्हीएसचा डबा १९५६ ला चुकीचा होता, १९६६ ला बरोबर बसतो. किलोमीटरचा मीटरपण बरोबर. मी ज्याला दोष समजत होतो ते गाडीचं खरंच बोलणं होतं.

मालकांना हे सांगायचं मला फार जड गेलं. त्यांना मनापासनं वाटत होतं की वडलांनी इंग्लंडची गाडी घेतलीय. उतारा त्यांच्या हातात दिला, दोनदा वाचला, थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले की वडील खोटं बोलत नव्हते ना एवढंच मला सांगा. काकांनी सांगितलं, नव्हते, तुमच्या वडलांनी मद्रासची खरी गाडी घेतली आणि नंबराला हात न लावता तुमच्यापर्यंत पोचवली, अशा किती राहिल्यात? तेव्हा कुठं ते हसले.

किंमत १ लाख ७० वर ठरली. काकांनी मधे बोलायला नकार दिला, म्हणाले तुम्ही दोघं ठरवा. कार्डावरचं साल दुरुस्त करून, मगच नावावर करून घ्यायचं असं ठरलंय, अर्ज मालकच देणार आहेत. तोवर गाडी त्यांच्याकडंच.

———

कोयनाकाठ_कराड

शाब्बास. साल दुरुस्त झाल्याशिवाय ट्रान्सफरचे फॉर्म भरू नको, नाहीतर चुकीचं साल तुझ्या नावानं पुढं चालू राहील. उताऱ्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेव आणि मूळ प्रत लॅमिनेट करू नको, शाई धरते. नंबर का बदलला ते उताऱ्यात शेरा असेल तर बघ, पत्ता बदलला किंवा परत नोंदणी केली असा काहीतरी असतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्ष होऊन गेलीत म्हणजे पुढं कधी व्हिंटेजला जायचं झालं तरी वयाची अडचण नाही.

———

वाईचा_घाट

फार बरं वाटलं वाचून. आईलापण वाचून दाखवलं.

———

अजिंक्यतारा_रायडर

मी सांगितलं तसं घेतली असती तर दोन लाख दहा हजार जास्त गेले असते भावा. नावावर झाली की साताऱ्याला आण, कासला बरोबर जाऊ.

———

पलूसकर_३५०

नक्की येणार. काका, एक शेवटचं. लांबी काढून टाकीचा पत्रा नीट करून घेऊ का? आणि पुढचं चाक बदलू का?

———

मिरजेचा_मिस्त्री

टाकीला आत्ता हात लावू नको, आधी आतनं गंज किती आहे ते बघू, लांबी काढल्यावर खाली भोक निघालं तर तुला दुसरी टाकी शोधत फिरायला लागेल. चाक राहू दे, ब्रेक चांगला आहे त्याचा. त्या सालचं चाक भंगारात मिळालं तर उचलून ठेव, घाई नाही.

गाडी नेशील तेव्हा चालवत नेऊ नको. टेम्पोत घाल, टाकी रिकामी कर. तेल सगळं काढ, नुसतं वरनं भरू नको, इतके दिवस उभी असलेल्या बुलेटचं तेल खाली क्रँककेसमधे उतरून बसतं, तशीच किक मारलीस तर सगळं ब्रीदरमधनं, म्हणजे इंजिनच्या हवा सोडायच्या नळीतनं, बाहेर येईल. खालचे ड्रेन खोल, जे येईल ते पातेल्यात धर आणि फडक्यातनं गाळून बघ, पुराचा गाळ आहे का ते. गाळ निघाला तर किक मारू नको, मला फोन कर, मी येतो.